सहीपुरता वकील

वाल्मिक वकिलांबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं की माझी बोटं चालत नाहीत. बावीस वर्षं मी आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंग करते. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्याकडून हजारेक अर्ज टाइप करून घेतले असतील, पण ‘बरं झालंय’ असं एकदाही म्हटलं नाही. उलट दोन हजार चौदा साली ‘सदर टायपिस्टची शेड न्यायालयाच्या भिंतीला फूटभर जास्त चिकटून आहे’ असा तक्रार अर्ज त्यांनी केला. तोही माझ्याचकडून टाइप करून घेतला. मी करून दिला, कारण गिऱ्हाईक होतं. आठ दिवसांनी शेड पाडली, आणि मी भर उन्हाळ्यात दीड महिना छत्रीखाली बसले.

ते बेलापूरचे, आडनाव गाडे. रोज सव्वादहाच्या एसटीने यायचे. अंगातला काळा कोट धुऊन धुऊन शेवाळी झालेला, हातात रेक्झिनची फुगलेली बॅग, आणि तोंड असं की घरून चहाऐवजी कडुनिंबाचा काढा पिऊन निघालेत. स्वतःची केस असो नसो, कोर्टात पहिल्या बाकावर बसायचे आणि दुसऱ्याच्या केसमध्ये उठून उभे राहायचे. या अर्जावर तारीख नाही. या नकलेवर शिक्का उमटलेला नाही. साक्षीदार पान खाऊन उभा आहे. आणि त्यांचं बरोबर असायचं, हीच तर पंचाईत. बाररूममध्ये त्यांना ‘हरकत वकील’ म्हणायचे. पक्षकार हळूहळू गळाले. ह्यांच्याकडे केस दिली की केस राहते बाजूला आणि हे कारकुनाशी, पट्टेवाल्याशी, वेळ पडली तर जज्जशी भांडून घरी जातात, असा लौकिक झाला. त्यांच्या बायको चांगुणाबाई एकदा कसल्याशा दाखल्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, “बाई, दिवसा तुमी सोसता, बाकीचं मी सोसते.”

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर माझ्या शेडमध्ये जया आली. माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. आमच्या तालुक्यात अजिनाथशी लग्न झालं होतं. अजिनाथचा सख्खा चुलता म्हणजे सूर्यभान वकील, आमच्या बारचे म्हणजे वकील संघाचे अध्यक्ष. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं तेव्हा पोटची पोर, ईश्वरी, तीन वर्षांची होती. सासू म्हणाली, तू आता आईबापाबरोबर उसाच्या फडात जाणार, पोरीला तिकडे कशाला नेतेस, राहू दे इथंच. जया काही भोळी नव्हती, पण त्या वेळी तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. ती टोळीबरोबर कर्नाटकात चिकोडीकडे गेली. हंगाम संपल्यावर तिकडेच एका निवासी शाळेत स्वयंपाकाला राहिली. खोली मिळाली, पगार सुरू झाला. आता पोरीला नेते म्हणाली तर सासरच्यांनी दार लावून घेतलं. दर रविवारी फोनवर मात्र पोर दाखवायचे. पोर फोनच्या काचेला ओठ लावायची आणि मग सगळं अंधुक दिसायचं, असं जया सांगायची.

पोरीचा ताबा मिळावा, निदान तोवर भेट तरी मिळावी, असा अर्ज तिला करायचा होता. तिने अकरा वकील पालथे घातले. एकानेही नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची आमच्या बारमध्ये रीतच नाही. “ताई, सध्या लई काम हाय.” “ताई, पुढच्या महिन्यात या.” एकाने तर तिला चहा पाजला आणि पाहुण्यांत मिटवून घ्या असं समजावलं. खरी गोष्ट एवढीच, की बारमधल्या माणसाच्या घराविरुद्ध आपल्यातल्या कोणी वकीलपत्र घ्यायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडतही नाही. एरवी हेच लोक एकमेकांच्या शेताच्या बांधावरून वीस-वीस वर्षं दावे चालवतात. पण अध्यक्षांच्या पुतण्याची बायको म्हटली की सगळे एका माळेचे मणी.

मग जयाने निपाणीहून चौगुले वकील आणले. तिच्या शाळेच्या कामाला येणारे, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. मराठी आपल्याच घरची, पण सनद कर्नाटकातली. आता परराज्यातल्या वकिलाला आमच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर त्याने एकट्याने येऊन चालत नाही. इथे नेहमी वकिली करणाऱ्या एका वकिलाने त्याच्या बरोबर वकीलपत्रावर सही करायची, मग कोर्ट त्या एका केसपुरती त्याला परवानगी देतं. म्हणजे अकरा जणांनी जे केलं नव्हतं तेच बाराव्याने करायला हवं होतं, फक्त बोलायचं काम चौगुल्यांनी करायचं. चौगुले दोन दिवस बाररूमच्या पायऱ्या चढले-उतरले. तिसऱ्या दिवशी जयाला घेऊन माझ्या शेडमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, “अक्का, तुमच्या गावात समदी मान्सं गोड बोलत्यात बगा. पन पेन कुनी काडत न्हाई.”

वाल्मिक वकील शेजारच्या स्टुलावर माझ्या टायपिंगमधल्या चुका काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. तेवढ्यात सूर्यभान वकील आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर, मागे दोन ज्युनिअर. माझ्याशी बोलले, पण नजर चौगुल्यांवर.

“पुष्पाताई, या बाहेरच्या पाहुण्यांचं काही टाइप करू नका. आपल्या कोर्टात बाहेरचा माणूस नको. बारचं तसं ठरलंय.”

“आपलं कोर्ट?” स्टुलावरून आवाज आला. “कुनाच्या सातबाऱ्यावर हाय रं ते, सूर्यभान? तुझ्या का तुझ्या बापाच्या?”

सूर्यभान हसले. “तुम्ही कशाला मध्ये पडता, काका? तुम्हाला काय समजतंय यातलं?”

बस्स. वाल्मिक वकिलांनी चौगुल्यांच्या हातातलं वकीलपत्र ओढून घेतलं, माझं पेन उचललं आणि सही ठोकली. बाईचं नाव वाचलं नाही, केस कशाची आहे ते विचारलं नाही. सही करून झाल्यावर चौगुल्यांचा अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाले, “भिकार ड्राफ्टिंग हाय तुमचं.” जया त्यांच्या पाया पडायला वाकली तर तिच्यावरही खेकसले. मीही अर्ज टाइप करून दिला. जयाची कणव आली म्हणून दिला असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर सूर्यभान वकिलांनी मला हुकूम सोडला होता, आणि मला कोणी हुकूम सोडलेला चालत नाही.

अर्ज दाखल झाला त्याच रविवारी सासरच्यांनी जयाचा फोन घ्यायचं बंद केलं. आता पोर दिसायची असेल तर कोर्टाकडूनच. आणि जयाच्या बाजूने बोलणारा माणूस कोर्टात उभा राहायचा असेल तर आधी परवानगी.

डिसेंबरात बारच्या अध्यक्षांनी लेखी हरकत दिली. तीन पानं, भाषा अगदी साजूक तुपातली. मुद्दा एकच होता. वाल्मिक वकील या कोर्टात नेहमी वकिली करतातच कुठे? चार वर्षांत त्यांचा स्वतःचा एक दावा नाही. असा माणूस बाहेरच्या वकिलाबरोबर सही करायला लायक नाही. पण शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं. ‘सदर वकील हे वयोमानाने स्मरणशक्ती गमावलेले असून, आवारातील काही टायपिस्टच्या चिथावणीने वागत आहेत.’

वाल्मिक वकिलांनी ते माझ्या टेबलाशी उभ्याने वाचलं. पहिल्या मुद्द्याला ते हसले. रेक्झिनची बॅग उघडून त्यांनी कागदांची एक चळत काढली. बारने नऊ वर्षांत त्यांच्या विरोधात केलेले निषेधाचे नऊ ठराव. प्रत्येकात तेच रडगाणं. ‘सदर वकील दररोज न्यायालयात हजर राहून, दररोज कोणत्या ना कोणत्या प्रकरणात उभे राहतात व हरकती घेऊन सहकाऱ्यांना त्रास देतात.’ खाली सही सूर्यभान वकिलांची.

“दररोज,” ते बोट ठेवून म्हणाले. “ह्याच्याच सहीनं. हे दिलं की खेळ खलास.”

मी नऊही ठरावांच्या झेरॉक्स काढल्या आणि हसले. तेही हसले. बावीस वर्षांत आम्ही दोघं एका गोष्टीला हसलो ती तेवढीच वेळ.

पण मग त्यांनी शेवटचं वाक्य परत वाचलं. परत वाचलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

जानेवारीच्या तारखेला मी कोर्टाच्या दाराशी उभी होते. जया दोन बस बदलून आली होती, रजा टाकून. चौगुले तिच्याशेजारी बसलेले. जज्जमॅडम नव्या होत्या, तरुण होत्या, समजूतदार होत्या. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, “गाडेवकील, वकीलपत्रावर तुमचीही सही आहे. बाहेरच्या वकिलांच्या परवानगीचं आपण नंतर बघू. पोरीच्या भेटीचा अर्ज आज तुम्हीच चालवा. मी ऐकते.”

एवढं सोपं होतं. कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. समोर सूर्यभान वकिलांचा चेहरा पडलेला मी पाहिला.

वाल्मिक वकील उभे राहिले. बॅगेत नऊ ठराव होते. त्यांनी बॅग उघडलीच नाही. “मॅडम, माझ्यावर लेखी आरोप आहे. मी विसरभोळा आहे म्हणे. हा डाग पुसल्याशिवाय मी या कोर्टात तोंड उघडणार नाही. ते वाक्य आधी वगळा. त्यासाठी माझा स्वतंत्र अर्ज आहे.”

मॅडम म्हणाल्या, “अहो, पण ते आत्ता महत्त्वाचं आहे का?”

“माझ्यासाठी हाय.” मॅडमपुढे ‘आहे’ म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, एवढे पेटले होते.

तो चार पानांचा अर्ज मीच टाइप केला होता. आदल्या दिवशी. मीही पेटले होते. चिथावणी देणारी टायपिस्ट म्हणजे कोण, हे सगळ्या आवाराला माहीत होतं. चार पानांतली निम्मी वाक्यं मी सुचवली होती, आणि ती त्यांनी न कुरकुरता घेतली होती. मी खुशीत होते.

मॅडमनी दुसऱ्या बाजूला उत्तर द्यायला सांगितलं. सूर्यभान वकिलांनी मुदत मागितली. त्यांना आयतं कोलीतच मिळालं. तारीख पडली फेब्रुवारीची. फेब्रुवारीत आणखी मुदत. मार्चमध्ये उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की स्मरणशक्ती शाबूत असल्याचा पुरावा अर्जदाराने दिलेला नाही. झालं! वाल्मिक वकिलांनी प्रतिज्ञापत्र करायला घेतलं. एकोणीसशे एकोणनव्वदपासून आपण लढवलेल्या प्रत्येक दाव्याचा नंबर, वादी, प्रतिवादी, निकाल, सगळं तोंडपाठ. ते डोळे मिटून सांगत होते आणि मी टाइप करत होते. तीन दिवस. अकरा पानं. एकही नंबर चुकला नाही, मी रजिस्टरवरून पडताळून पाहिला. कोल्हारच्या एका विहिरीच्या दाव्यात साक्षीदाराने कोणत्या हाताला अंगठी घातली होती तेसुद्धा त्यांना आठवत होतं.

जया मार्चच्या त्या तारखेलाही आली होती. बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, “पुष्पाताई, आज तरी व्हईल ना?”

“पुढच्या महिन्यात नक्की,” मी म्हणाले. “वकीलसाहेब असं काही देणार आहेत की त्यांची बोलतीच बंद होईल.” तिला वाटलं, पोरीबद्दल काही असेल. ती हसली.

चौगुले मात्र माझ्यासमोर चहाचा कप घेऊन बसले. मग म्हणाले, “अक्का, तुमचं साहेब लई हुशार हाईत. पन केस कुनाची हाय, त्येच इसरल्यात.”

मला राग आला. बाहेरचा माणूस, आमच्या वकिलाच्या सहीवर उभा राहणार आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवणार! मी त्यांना म्हणाले, “आमच्या कोर्टाची रीत तुम्हाला नाही कळायची.” नंतर रात्री अंथरुणावर लक्षात आलं की ‘आमच्या कोर्टाची’ म्हणताना माझा आवाज थेट सूर्यभान वकिलांसारखा निघाला होता. पण तेवढं लक्षात येऊनही मी दुसऱ्या दिवशी वाल्मिक वकिलांना काही बोलले नाही.

एप्रिलमध्ये सूर्यभान वकील आजारी पडले, म्हणजे कागदोपत्री. मे महिना कोर्टाच्या सुट्टीचा. मॅडमचं आमच्यासारखं डोकं फिरलं नव्हतं. जून उजाडताच त्यांनी बजावलं, स्मरणशक्तीचं प्रकरण आता बस, परवानगीच्या अर्जावर बोला नाहीतर मी निकाली काढते. तेव्हा कुठे वाल्मिक वकिलांनी बॅगेतून ते नऊ ठराव काढून दिले. मॅडमनी पहिला वाचला, दुसरा वाचला, आणि तोंडावर रुमाल धरला. सगळं कोर्ट हसलं. सूर्यभान वकिलांना स्वतःची सही ओळखावी लागली. दहा मिनिटांत परवानगी मिळाली. चौगुले उभे राहिले आणि पाव तासात पोरीच्या भेटीचा हुकूम घेऊन बसले. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, कोर्टाच्याच एका खोलीत, अकरा ते एक. ताब्याचं पुढे. समोरच्यांकडे बोलायला काही नव्हतंच.

त्या दिवशी वाल्मिक वकील आवारातून असे चालत गेले, जसा काही जत्रेतला पैलवान. बारने त्यांचं सभासदत्व काढलं, बाररूममधली खुर्ची उचलून व्हरांड्यात फेकली. त्यांनी ती खुर्ची तिथेच ठेवली आणि रोज तिच्यावर बसून आत जाणाऱ्या प्रत्येक वकिलाला टोमणे मारू लागले. मला तेव्हा ते आवडत होते, हे कबूल करते.

जुलैचा पहिला शनिवार. चौगुल्यांना येणं जमणार नव्हतं म्हणून वाल्मिक वकील हजर होते, इथले वकील म्हणून. मलाही आत बसू दिलं. सासू पोरीला घेऊन आली. पोर उंच झाली होती, डोक्यावर दोन शेंड्या, पायात आवाज करणारे बूट. जया जमिनीवर गुडघे टेकून बसली. दोन्ही हात पुढे केले.

पोर सासूच्या पदरामागे गेली. थोड्या वेळाने तिथूनच डोकावून तिने विचारलं, “काकू, तुमी कुठून आल्या?”

तुमी. घरी आलेल्या पाहुण्या बाईला पोरं विचारतात तसं, शिकवल्यासारखं, अगदी आदराने.

जयाचे हात तसेच राहिले. मग तिने ते मांडीवर घेतले. “लांबून आले,” ती म्हणाली. “लई लांबून. बस ना माझ्याजवळ.” पोर बसली नाही. जरा वेळाने लांब बसली. दोन तास जयाने तिला काही विचारलं नाही, स्वतःला आई म्हटलं नाही. कागदाचा पंखा करून दिला, नखांवरचा सुटलेला रंग पाहिला, दुपारी काय जेवलीस म्हणाली. पोर प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘काकू’ म्हणत होती. सासू भिंतीला टेकून पाहत होती आणि तिच्या तोंडावर समाधान होतं. त्या बाईला तेव्हा मी फाडून खाल्लं असतं. पण तिने काय केलं होतं? तिने वाट पाहिली होती, एवढंच. वाट पाहायला वेळ तिला दुसऱ्यांनी दिला होता.

एक वाजता पोर गेली. वळून पाहिलं नाही तिने. आम्ही तिघं बाहेर व्हरांड्यात आलो. मला वाटलं जया आता रडेल. वाल्मिक वकिलांनाही वाटलं असावं, कारण ते ओरडायच्या तयारीने घसा खाकरत होते.

जयाने डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“वकीलसाहेब, जानेवारीत भेट झाली आस्ती तर तिनं मला वळखलं आस्तं का वो?”

या माणसाला मी बावीस वर्षं ओळखते. त्याने देवालासुद्धा उलट उत्तर दिलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी सांगावं म्हणून.

मी खाली फरशीकडे पाहत राहिले. ओळखलं असतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.